मधूनच येणारा ५०२ : एनजिनएक्स आणि बॅकएंडमधल्या कीप-अलाइव्हच्या मुदती कशा जुळवायच्या

साइट चालू आहे, सर्व्हरवर ताण नाही, मेमरी मोकळी आहे, तरी दिवसातून चार-पाच जणांना ‘५०२ बॅड गेटवे’ (मधल्या सर्व्हरला मागून नीट उत्तर मिळालं नाही, ही चूक) दिसतो. पान पुन्हा उघडलं की सगळं सुरळीत. सर्व्हिस रीस्टार्ट केली की थोडा वेळ शांतता असते, प्रश्न सुटला असं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी तीच तक्रार परत येते. एनजिनएक्स म्हणजे ग्राहकाची रिक्वेस्ट घेऊन ती मागच्या सर्व्हरकडे, म्हणजे बॅकएंडकडे (त्याच्या भाषेत ‘अपस्ट्रीम’), पोचवणारा वेब सर्व्हर. त्याच्या एरर लॉगमध्ये दोनपैकी एक ओळ सापडते. एक, ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर’. दुसरी, ‘१०४ : कनेक्शन रीसेट बाय पीअर’. बॅकएंडच्या लॉगमध्ये मात्र त्या क्षणी काहीच नसतं. त्याच्यापर्यंत ती रिक्वेस्ट पोचलीच नाही, असं तो लॉग सांगतो.

लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या साडीच्या दुकानाची ऑनलाइन ऑर्डरची साइट घ्या, किंवा कोथरूडमधल्या क्लासचं फी भरायचं पोर्टल घ्या. अशा ठिकाणच्या ५०२ च्या वेळा कागदावर मांडल्या तर संध्याकाळच्या गर्दीत त्या कमी सापडतात. दुपारी १ ते ४ या निवांत वेळात आणि रात्री उशिरा जास्त सापडतात. शिवाय बहुतेक चुका ‘पोस्ट’ रिक्वेस्टवर असतात : ऑर्डर नोंदवणं, फीचा फॉर्म, पेमेंट गेटवेकडून येणारा कॉलबॅक. गर्दी नसताना येणारा आणि ‘पोस्ट’वरच दिसणारा ५०२ असेल, तर रॅम वाढवून किंवा ‘प्रॉक्सी_रीड_टाइमआउट’ (बॅकएंडच्या उत्तराची वाट पाहायची मुदत) ६० वरून ३०० सेकंदांवर नेऊन काहीही फरक पडणार नाही. इथे कुणी उशीर करत नाहीये. दोन बाजूंच्या मुदती एकमेकींशी जुळत नाहीयेत.

(आदेशांची आणि हेडरची नावं इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत आहेत. फाइलमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच लिहायची.)

घडतं काय

एचटीटीपी १.१ मध्ये, म्हणजे १९९७ पासून, कनेक्शन उघडं ठेवणं हीच मूळ रीत आहे. एक रिक्वेस्ट झाली की तेच टीसीपी कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टसाठी राखून ठेवायचं, यालाच कीप-अलाइव्ह म्हणतात. पण रिकामं कनेक्शन किती वेळ राखायचं, हे प्रत्येक बाजू आपापलं ठरवते. नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅकएंडच्या) एचटीटीपी सर्व्हरची मूळ मुदत ५ सेकंद आहे. एनजिनएक्सच्या अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये (बॅकएंडचे पत्ते लिहायच्या भागात) ‘कीपअलाइव्ह’ चालू केलं, तर त्याच्या बाजूची मूळ मुदत ६० सेकंद आहे. म्हणजे सहावा सेकंद लागेपर्यंत नोडने कनेक्शन बंद केलेलं असतं आणि एनजिनएक्स मात्र ते अजून ५५ सेकंद वापरायच्या तयारीत असतो.

बहुतेक वेळा याने काही बिघडत नाही. नोडकडून ‘फिन’ (कनेक्शन संपल्याचं सांगणारं) पॅकेट आलं की एनजिनएक्सला कळतं आणि तो ते कनेक्शन साठ्यातून काढून टाकतो. गडबड होते ती ‘फिन’ वाटेत असताना. नोडने कनेक्शन बंद केलं, ते पॅकेट एनजिनएक्सपर्यंत पोचायच्या आत नवी रिक्वेस्ट आली, एनजिनएक्सने तेच कनेक्शन उचललं आणि त्यावर रिक्वेस्ट लिहून टाकली. पलीकडच्या कर्नलकडे आता ते सॉकेट नाही, म्हणून तो ‘रीसेट’ पाठवतो. यातून ५०२.

हा झरोका एरवी मिलिसेकंदाचाही नसतो. तो रुंद करणारी गोष्ट म्हणजे अडकलेला इव्हेंट लूप, म्हणजे नोडची सगळी कामं एकेक करून उरकणारी रांग. नोडची प्रोसेस मोठी पीडीएफ बनवण्यात किंवा लांबलचक जेसन फोडण्यात तीनशे मिलिसेकंद गुंतली असेल, तर तेवढ्या वेळात आलेली रिक्वेस्ट सॉकेटच्या बफरमध्ये पडून राहते. लूप मोकळा झाल्यावर ५ सेकंदांचा टायमर आधी सुटू शकतो आणि न वाचलेल्या रिक्वेस्टसकट सॉकेट बंद होतं. म्हणून ‘आमचं दोन्ही एकाच मशीनवर आहे, नेटवर्कच नाही मधे’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

गर्दीत कनेक्शनला पाच सेकंद रिकामं बसायला मिळतच नाही, म्हणून चूक दिसत नाही. दोन रिक्वेस्टमधलं अंतर पाच सेकंदांच्या आसपास येऊ लागतं ते दुपारच्या शांततेत.

‘पोस्ट’च का? कारण ‘गेट’ (नुसतं पान मागणारी रिक्वेस्ट) फसली तर एनजिनएक्स ती गुपचूप दुसऱ्या कनेक्शनवर पुन्हा पाठवतो. ग्राहकाला काही कळत नाही. आवृत्ती १.९.१३ पासून मात्र ‘पोस्ट’, ‘लॉक’ आणि ‘पॅच’ या रिक्वेस्ट एकदा बॅकएंडकडे पाठवायला सुरुवात झाली असेल तर तो त्या परत पाठवत नाही, आणि हे योग्यच आहे. ‘प्रॉक्सी_नेक्स्ट_अपस्ट्रीम’मध्ये ‘नॉन_आयडेम्पोटंट’ (‘पोस्ट’सारख्या रिक्वेस्टही परत पाठवायची मुभा देणारा) हा शब्द घातला की ५०२ दिसेनासे होतात, म्हणून हा उपाय बरेच जण सुचवतात. तो करू नका. बॅकएंडने ऑर्डर नोंदवून उत्तर देताना कनेक्शन तुटलं असेल तर तीच ऑर्डर दोनदा नोंदली जाईल आणि पैसे दोनदा कापले जातील. ५०२ परवडला.

आधी खात्री करा

अॅक्सेस लॉगच्या फॉरमॅटमध्ये पाच गोष्टी वाढवा : ‘अपस्ट्रीम_अॅड्रेस’ (नाव ‘अॅड्र’ इथेच संपतं), ‘अपस्ट्रीम_स्टेटस’, ‘अपस्ट्रीम_कनेक्ट_टाइम’, ‘अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम’ आणि ‘कनेक्शन_रिक्वेस्ट्स’. मग ५०२ आणि ५०४ (गेटवेला वेळेत उत्तर मिळालं नाही) च्या ओळी वेगळ्या काढा. कनेक्ट टाइम ०.००० आणि रिस्पॉन्स टाइमही ०.००० किंवा ०.००१ असेल, तर साठ्यातलं जुनं कनेक्शन वापरलं गेलं आणि ते तत्काळ तुटलं. रिस्पॉन्स टाइम ६० सेकंदांजवळ असेल, तर तो वेगळा आजार आहे, त्याबद्दल खाली आहे. शिवाय स्टेटसच्या रकान्यात ‘५०२, २००’ अशी जोडी दिसली, तर ती गुपचूप परत पाठवलेली ‘गेट’ समजा. या जोड्या मोजल्या की चुकीचं खरं प्रमाण कळतं. तक्रारी त्यामानाने फारच थोड्या असतात.

बॅकएंडची मुदत किती, हे अंदाजाने ठरवू नका. सर्व्हरवरूनच कर्लने (आदेशाच्या ओळीवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने) थेट बॅकएंडच्या पोर्टवर, समजा ३००० वर, एक रिक्वेस्ट मारा आणि हेडर बघा. नोडच्या नव्या आवृत्त्या ‘कीप-अलाइव्ह : टाइमआउट=५’ असं स्वतःच सांगतात. (एनजिनएक्स बॅकएंडकडून आलेला हा हेडर विचारात घेत नाही, म्हणून नुसता हेडर येतोय यावर विसंबून चालत नाही.) हेडर नसेल तर टेलनेटने जोडा, हाताने एक ‘गेट’ टाइप करा, उत्तर आल्यावर घड्याळ लावा आणि कनेक्शन कधी तुटतं ते पाहा. प्रॉडक्शनवर चालू असलेल्या प्रोसेसवरच हे करा. लॅपटॉपवरची सेटिंग वेगळी असू शकते.

अजूनही शंका असेल तर टीसीपी-डम्प (पॅकेट टिपणारं साधन) लूपबॅक, म्हणजे मशीनच्या आतल्याच, इंटरफेसवर त्या पोर्टसाठी लावून ठेवा. ५०२ च्या क्षणाआधीचा प्रवाह बघितला की क्रम दिसतो : मागचं उत्तर, बरोबर पाच सेकंदांची शांतता, बॅकएंडकडून ‘फिन’, त्याला खेटून एनजिनएक्सचा डेटा, आणि मग ‘रीसेट’.

दुरुस्ती

नियम एकच. जो रिक्वेस्ट पाठवतो त्याने रिकामं कनेक्शन आधी सोडायचं, जो घेतो त्याने जास्त वेळ धरायचं. पाठवणाऱ्याने सोडलं तर धोका नाही, कारण पुढची रिक्वेस्ट कधी पाठवायची हे त्याच्याच हातात असतं. म्हणून बाहेरून आत जाताना प्रत्येक टप्प्यावर घेणाऱ्याची मुदत पाठवणाऱ्याच्या मुदतीपेक्षा मोठी हवी. दोन्ही सारख्या असून चालत नाही. ६० ला ६० हीसुद्धा शर्यतच आहे.

नोडमध्ये सर्व्हर ऑब्जेक्टवर ‘कीपअलाइव्हटाइमआउट’ ६५००० ठेवा. एकक मिलिसेकंद आहे, ६५ लिहिलं तर आजार वाढेल. त्याबरोबर ‘हेडर्सटाइमआउट’ ६६००० ठेवा. जुन्या आवृत्त्यांत हेडर्सची मुदत कीप-अलाइव्हपेक्षा कमी राहिली की तिच्यामुळेच कनेक्शन तुटायचं, आणि पहिली दुरुस्ती करूनही ५०२ चालूच राहायचे. एक्सप्रेस वापरत असाल तर ‘लिसन’ जे परत देतो त्या ऑब्जेक्टवर या किमती लावायच्या. अॅपच्या ऑब्जेक्टवर लावल्या तर काही होत नाही, आणि चूक असल्याचा संदेशही येत नाही.

एनजिनएक्सच्या अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये ‘कीपअलाइव्ह_टाइमआउट’ ३० सेकंद ठेवा. ही सोय १.१५.३ पासून आहे. आमच्या मते दोन्ही बाजू बदलाव्यात. फक्त बॅकएंड बदलला तर पुढच्या फ्रेमवर्क अपग्रेडमध्ये कुणीतरी ती ओळ काढून टाकतं आणि समस्या परत येते. फक्त एनजिनएक्स बदलला, म्हणजे ४ सेकंद केला, तर इव्हेंट लूप अडकल्यावर एक सेकंदाचं अंतर पुरत नाही.

इतर बॅकएंडच्या मूळ किमतीही पाहून घ्या. पायथनच्या युव्हिकॉर्नची ५ सेकंद आहे. पायथनच्याच गुनिकॉर्नची २ सेकंद, आणि त्याचा नेहमीचा ‘सिंक’ वर्कर तर कीप-अलाइव्ह मानतच नाही, प्रत्येक उत्तरानंतर बंद करतो. त्यासाठी ‘जीथ्रेड’ वर्कर घ्या. जावाच्या टॉमकॅटबरोबर येणाऱ्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये कनेक्शन टाइमआउट २०००० मिलिसेकंद असतो, आणि कीप-अलाइव्हची मुदत वेगळी दिली नसेल तर तीच लागू होते. म्हणजे तिथे शर्यत विसाव्या सेकंदाला. गो भाषेच्या सर्व्हरमध्ये ‘आयडल टाइमआउट’ दिला नाही तर ‘रीड टाइमआउट’ची किंमत घेतली जाते. तो कुणी सुरक्षेसाठी ५ सेकंद ठेवलेला असतो आणि इकडे त्याचा असा परिणाम होतोय हे ध्यानातही येत नाही.

रिक्वेस्टच्या संख्येवरची मर्यादा मात्र निरुपद्रवी आहे. ती १०० असेल तर शंभरावं उत्तर देताना सर्व्हर ‘कनेक्शन : क्लोज’ आधीच सांगतो, त्यामुळे पाठवणाऱ्याला कळतं. मुदत संपताना अशी आगाऊ सूचना नसते. सगळा घोळ त्याच्यातून आहे. ग्राहकाच्या बाजूला एचटीटीपी २ असेल तर ‘गो-अवे’ फ्रेममध्ये शेवटची कोणती रिक्वेस्ट घेतली हे कळवलं जातं आणि ब्राउझर बाकीच्या निर्धास्तपणे परत पाठवू शकतो.

५०२ एनजिनएक्सच्या लॉगमध्येच नसेल तर

मग शर्यत एक टप्पा बाहेर आहे, लोड बॅलन्सर (समोर बसून रिक्वेस्ट मशीनांवर वाटणारा) आणि एनजिनएक्स यांच्यात. अॅमेझॉनचा अॅप्लिकेशन लोड बॅलन्सर मुंबई रीजनमध्ये असो वा हैदराबादमध्ये, त्याचा रिकाम्या कनेक्शनचा मूळ टाइमआउट ६० सेकंद आहे. एनजिनएक्सचा ग्राहकाकडचा ‘कीपअलाइव्ह_टाइमआउट’ मुळात ७५ आहे. म्हणजे हात न लावलेली जोडी बरोबर चालते. बिघडते ती ‘वेग वाढवायच्या’ नावाखाली ७५ चे १५ केल्यावर, किंवा मोठे अपलोड चालावेत म्हणून लोड बॅलन्सरवर ६० चे ३०० केल्यावर. दुसरा बदल करणारा माणूस सहसा दुसऱ्या टीममधला असतो. लोड बॅलन्सरच्या लॉगमध्ये ‘टार्गेट स्टेटस कोड’च्या जागी नुसती आडवी रेघ आणि त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये ५०२ दिसला तर हेच समजा आणि एनजिनएक्सची मुदत लोड बॅलन्सरपेक्षा दहा-पंधरा सेकंद वर न्या. गुगल क्लाउडचा एचटीटीपी लोड बॅलन्सर बॅकएंडकडचं कनेक्शन ६०० सेकंद धरून ठेवतो आणि ती किंमत बदलता येत नाही. तिथे एनजिनएक्सवर ६२० द्यायचे.

मायक्रोसॉफ्ट अॅझ्युअरचा ‘सेंट्रल इंडिया’ रीजन पुण्यातच आहे, त्यामुळे इथल्या अनेक कंपन्यांचं काम त्यावर चालतं. त्याच्या नेटवर्क पातळीवरच्या लोड बॅलन्सरची मूळ मुदत ४ मिनिटं आहे, आणि मूळ सेटिंगमध्ये मुदत संपल्यावर तो कुणालाही ‘फिन’ किंवा ‘रीसेट’ पाठवत नाही, नुसता विसरतो. मग ५०२ न येता रिक्वेस्ट लटकते आणि ६० सेकंदांनी ५०४ येतो. वर म्हटलेला वेगळा आजार तो हाच. यावर उपाय म्हणजे रिकाम्या कनेक्शनची मुदत २४० सेकंदांच्या बरीच खाली ठेवायची. डेटाबेस पूलसारखी जास्त वेळ उघडी राहणारी कनेक्शनं असतील तर टीसीपी कीप-अलाइव्ह लावायचा. टीसीपी कीप-अलाइव्ह आणि एचटीटीपी कीप-अलाइव्ह या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला कर्नलचा, पलीकडचा जिवंत आहे का हे तपासणारा. लिनक्सवर तो पहिली तपासणी ७२०० सेकंदांनी करतो, म्हणजे इथे निरुपयोगी. ‘टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम’ १२० वर आणा आणि एनजिनएक्सकडून बॅकएंडकडे जाणाऱ्या सॉकेटसाठी ‘प्रॉक्सी_सॉकेट_कीपअलाइव्ह’ चालू करा.

कीप-अलाइव्ह लागलाच नसेल तर

उलट टोकही सारखं दिसत राहतं. अपस्ट्रीममध्ये ‘कीपअलाइव्ह ३२’ लिहिलेलं आहे, आणि तरी एसएस (कनेक्शनांची यादी दाखवणारा) आदेश बॅकएंडच्या पोर्टवर हजारो टाइम-वेट (नुकतीच बंद झालेली कनेक्शनं) दाखवतो. गणपतीच्या आधी मोदकांच्या किंवा दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी वाढल्या की एरर लॉगमध्ये ‘९९ : कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अॅड्रेस’ येऊ लागतं. हिशोब सरळ आहे : लिनक्सची मूळ पोर्ट-रांग ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८२३२ पोर्ट. बंद केलेलं प्रत्येक कनेक्शन टाइम-वेटमध्ये ६० सेकंद पोर्ट अडवतं. एका बॅकएंड पत्त्याकडे सेकंदाला साधारण ४७० नवी कनेक्शनं झाली की पोर्ट संपले. जुन्या लेखांत सुचवलेला ‘टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल’ लिनक्स ४.१२ मधून काढून टाकला आहे, तो शोधत बसू नका.

न लागण्याची कारणं ठरलेली आहेत. एनजिनएक्स वर्षानुवर्षं बॅकएंडशी एचटीटीपी १.० मध्ये आणि ‘कनेक्शन : क्लोज’ पाठवून बोलत आला आहे. म्हणून ‘प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१’ आणि ‘प्रॉक्सी_सेट_हेडर कनेक्शन’ला रिकामी किंमत, या दोन्ही ओळी स्पष्ट लिहा. त्या सर्व्हर ब्लॉकमध्ये लिहिल्या आणि खाली लोकेशनमध्ये ‘होस्ट’साठी एकच ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ लिहिला, तर वरचे सगळे हेडर त्या लोकेशनपुरते रद्द होतात. बहुतेक ठिकाणी चूक इथेच निघते. सगळे हेडर एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवून प्रत्येक लोकेशनमध्ये ती ‘इन्क्लूड’ करा.

‘प्रॉक्सी_पास’मध्ये अपस्ट्रीमचं नावच हवं. तिथे थेट १२७.०.०.१ आणि पोर्ट लिहिलेला असेल तर वरचा अपस्ट्रीम ब्लॉक कुणी वाचतच नाही. ‘लीस्ट_कॉन’ (सर्वांत कमी कनेक्शनं असलेला बॅकएंड निवडणारी ओळ) वापरत असाल तर ‘कीपअलाइव्ह’ची ओळ त्याच्या खाली यायला हवी. आणि वेबसॉकेटसाठी (सतत उघड्या राहणाऱ्या दुतर्फा कनेक्शनसाठी) नेहमी चिकटवला जाणारा ‘मॅप’ तपासा : ‘अपग्रेड’ हेडर नसेल तर कनेक्शनला ‘क्लोज’ द्या, असं त्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे वेबसॉकेट चालतं, पण साध्या रिक्वेस्टचं प्रत्येक कनेक्शन बंद होतं. ‘क्लोज’च्या जागी रिकामी किंमत द्या.

३२ हा आकडा एकूण कनेक्शनांची मर्यादा नाही. तो प्रत्येक वर्करमागे (एनजिनएक्सच्या काम करणाऱ्या प्रोसेसमागे) राखून ठेवायच्या रिकाम्या कनेक्शनांचा आहे. ४ वर्कर असतील तर १२८. नोडला याचं काही वाटत नाही, पण पीएचपी-एफपीएमला (पीएचपी चालवणाऱ्या बॅकएंडला) वाटतं. ‘फास्टसीजीआय_कीप_कॉन’ चालू केलं की एफपीएमचा एक चाइल्ड एका कनेक्शनला बांधला जातो, रिकामा असला तरी. ‘मॅक्स_चिल्ड्रन’ ५ असताना १६ कनेक्शनं राखायला लावली तर साइट लगेच अडते. एफपीएम त्याच मशीनवर युनिक्स सॉकेटने जोडलेला असेल तर हे बंदच ठेवा, मिळणारा फायदा नगण्य आहे.

अपाची प्रीफोर्कवर असाल तर तक्रार नेमकी गर्दीत येते, कारण तिथे रिकामं कनेक्शनही एक पूर्ण प्रोसेस अडवतं. मूळ किमती : कीप-अलाइव्हची मुदत ५ सेकंद आणि २५६ वर्कर. सेकंदाला ५२ नवी कनेक्शनं आली तरी नुसत्या रिकाम्या बसण्यातच २६० प्रोसेस गुंततात, आणि ब्राउझर एचटीटीपी १.१ वर एका साइटसाठी सहापर्यंत कनेक्शनं उघडतो. सर्व्हर-स्टेटसच्या पानावर इंग्रजी ‘के’ अक्षराची रांग दिसली की हेच. मार्ग म्हणजे इव्हेंट एमपीएम (रिकाम्या कनेक्शनसाठी प्रोसेस न अडवणारी अपाचीची पद्धत) आणि पीएचपी-एफपीएम. तेवढं आज जमत नसेल तर मुदत २ वर आणा, पण कीप-अलाइव्ह बंद करू नका. टीएलएस १.२ वर पहिल्या रिक्वेस्टआधी तीन फेऱ्या होतात. मोबाइलवर एक फेरी ५० मिलिसेकंदांची धरली तर प्रत्येक नव्या कनेक्शनला १५० मिलिसेकंद जातात.

बदल केल्यावर आधी ‘एनजिनएक्स -टी’ने सेटिंग तपासा, मग रीलोड. रीलोडच्या वेळी जुने वर्कर ग्राहकांकडची रिकामी कनेक्शनं बंद करतात. त्यामुळे लोड बॅलन्सरमागे प्रत्येक रीलोडला एक-दोन ५०२ येऊ शकतात, मुदती बरोबर असूनही. १.२७.४ पासून यासाठी ‘कीपअलाइव्ह_मिन_टाइमआउट’ आहे. तेवढा वेळ तरी रिकामं कनेक्शन रीलोडमध्ये तोडलं जात नाही. पण तो लोड बॅलन्सरच्या मुदतीपेक्षा मोठा असला तरच उपयोगी, म्हणजे लोड बॅलन्सर ६० वर असेल तर ६५. मूळ किंमत ० आहे, म्हणून ओळ लिहावीच लागते. जुनी आवृत्ती असेल तर त्या मशीनला आधी लोड बॅलन्सरमधून बाहेर काढा, चालू कनेक्शनं संपू द्या आणि मग रीलोड करा.